ग्रामपंचायत सभा नियमांचं पुस्तक : मागची 14 पानं आधी वाचा (5 पैकी 4 स्टार)

हे पुस्तक जूनमध्ये घेतलं, आता फेब्रुवारी चालू आहे, म्हणजे आठ मासिक सभा आणि तीन ग्रामसभा या पुस्तकाबरोबर काढल्या, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. 350 रुपयांना मिळालं, सातारला कोर्टाजवळ कायद्याची पुस्तकं ठेवणारं दुकान आहे तिथून. दुकानदारांनी तीन वेगवेगळी पुस्तकं समोर ठेवली, एक फक्त अधिनियमाचं, एक शासन निर्णयांचं जाडजूड, आणि हे, ज्यात अधिनियम आहे आणि मागे सभांचे नियमही आहेत. मी म्हटलं मी सदस्य आहे, मला सभेत बसायचंय, त्यात काय चालतं काय चालत नाही ते कळलं पाहिजे, तर ते म्हणाले ताई मग हेच न्या. बरोबर सांगितलं त्यांनी.

आधी माझी परिस्थिती सांगते म्हणजे हे पुस्तक कुणाच्या कामाचं आहे ते कळेल. मी राखीव जागेवर निवडून आले, आमच्याकडे 2011 पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पहिलं वर्षभर माझं काम काय होतं, तर शिपाई दादा सकाळी रजिस्टर घेऊन घरी यायचे, वहिनी सही करा म्हणायचे, मी पीठ मळता मळता हात पुसून सही करायची. नोटीसवर पण सही आणि हजेरीवर पण सही, एकाच वेळी. सभा दुपारी असायची, कधी जायची कधी नाही, गेले तरी चहा व्हायचा, बोलणं व्हायचं रस्त्याचं पाण्याचं, आणि प्रोसिडिंग (सभेत काय झालं, काय ठरलं त्याची नोंद) नंतर कधीतरी लिहिलं जायचं. कुणी वाईट हेतूने करत होतं असं मी म्हणत नाही, आमच्या भाऊसाहेबांकडे, म्हणजे ग्रामसेवकांकडे, तीन गावांचा चार्ज होता, माणूस सकाळी एका गावात दुपारी दुसऱ्या, त्यांनी तरी कधी लिहायचं. पण माझी सही ज्या ठरावाखाली आहे तो ठराव मी वाचलेलाच नाही, हे एक दिवस लक्षात आलं आणि रात्री झोप लागली नाही मला. म्हणून पुस्तक.

आता पुस्तकाबद्दल. पहिली गोष्ट, पान 1 पासून वाचायला घेऊ नका. मी तेच केलं आणि दहा दिवस वाया गेले. पुढचा सगळा भाग म्हणजे अधिनियम, कलम 1 पासून, आणि भाषा अशी की एक वाक्य दहा ओळींचं, मधे "परंतु" येतं, मग "परंतु आणखी असे की" येतं, शेवटी सुरुवात काय होती ते विसरायला होतं. माझी मुलगी बीए करतेय, ती मोठ्याने वाचायची आणि मी ऐकायची, तेव्हा कुठे डोक्यात जायला लागलं. खरं सोनं मागे आहे, शेवटच्या 14 पानांत, पंचायतीच्या सभांचे 1959 चे नियम आणि ग्रामसभेच्या सभांचे नियम. तिथून सुरुवात करा आणि नियमात ज्या कलमाचा उल्लेख येईल ते कलम पुढे जाऊन बघा, असं उलटं वाचलं की पुस्तक सोपं जातं.

नावाचा घोळ पण आधीच सांगते कारण मी दुकानात पण त्यावरून गोंधळले होते. जुन्या कागदांवर मुंबई ग्रामपंचायत अधिनियम 1958 लिहिलेलं असतं, नवीन कागदांवर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, आणि कंसात 1959 चा 3. हे दोन वेगळे कायदे नाहीत, एकच आहे. तो 1959 सालचा तिसरा अधिनियम म्हणून नोंदलेला आहे आणि मुंबई जाऊन महाराष्ट्र हे नाव नंतर लागलं. पुस्तकात कव्हरवर नवीन नाव आणि आतल्या नियमांच्या मथळ्यावर जुनं नाव आहे, त्याबद्दल एक ओळ सुद्धा लिहिलेली नाही, एवढं तरी लिहायला हवं होतं.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो नोटीसच्या नियमाचा. मासिक सभेची नोटीस पूर्ण तीन दिवस आधी मिळाली पाहिजे, विशेष सभेची पूर्ण एक दिवस आधी. हे "पूर्ण" फार महत्त्वाचं आहे बरं का. ज्या दिवशी नोटीस हातात पडली तो दिवस धरायचा नाही आणि सभेचा दिवस पण धरायचा नाही, मधले तीन मोकळे दिवस पाहिजेत. म्हणजे सभा 20 तारखेला असेल तर नोटीस 16 ला हातात पाहिजे, 17, 18, 19 हे मधले. पुस्तकात फक्त नियम छापलाय, हे उदाहरण नाही, मला तालुक्याच्या एका निवृत्त विस्तार अधिकाऱ्यांनी समजावून सांगितलं. आणि नोटीसबरोबर विषयपत्रिका पाहिजे, कारण तीन दिवस कशासाठी दिलेत, तर सदस्याने विषय वाचावा, आपल्या वॉर्डातल्या चार माणसांना विचारावं आणि विचार करून यावं यासाठीच ना.

जुलैच्या सभेत मी हे पहिल्यांदा बोलले. पुस्तक पिशवीत होतं, बाहेर काढायचं धाडस होत नव्हतं. सरपंच वयाने मोठे आहेत, सगळे त्यांना तात्या म्हणतात, मी पण. म्हटलं तात्या, नोटीस आज सकाळी आली आणि सभा आज दुपारी, नियमात पूर्ण तीन दिवस आहेत. एकदम शांतता झाली. एक जुने सदस्य म्हणाले, वहिनी इतकी वर्षं असंच चाललंय, कुणी कधी विचारलं नाही. मी पुस्तक काढलं, पान उघडून तात्यांच्या पुढ्यात ठेवलं, त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, परत वाचलं, आणि भाऊसाहेबांकडे बघून म्हणाले, बरोबर आहे का हो हे? भाऊसाहेब म्हणाले बरोबर आहे, आणि मला आश्चर्य याचं वाटलं की त्यांना राग आला नाही, उलट मोकळं वाटल्यासारखं दिसलं. त्या दिवशी फक्त चर्चा झाली, ठराव एकही घेतला नाही, आणि पुढच्या मंगळवारी नीट नोटीस काढून सभा घेतली. तेव्हापासून नोटीस वेळेवर येते. त्या एका पानाने 350 रुपये वसूल झाले माझे.

कोरम, म्हणजे सभा चालायला लागणारी कमीत कमी हजेरी, निम्म्या सदस्यांचा हे सगळ्यांना माहीत असतं (पुस्तकात त्याला गणपूर्ती म्हटलंय, शोधताना लक्षात ठेवा). महिन्यातून एक तरी सभा झालीच पाहिजे हे पण माहीत असतं. पण कलम 36 मध्ये पुढे काय लिहिलंय ते आमच्याकडे कुणाला माहीत नव्हतं, सरपंचांनी पुरेसं कारण नसताना नियमाप्रमाणे सभा बोलावल्या नाहीत तर ते पदावर राहायलाच अपात्र ठरू शकतात. म्हणजे मासिक सभा ही सरपंचांची मर्जी नाही, त्यांच्यावरची जबाबदारी आहे. तात्यांनी ते वाचल्यावर स्वतःहून दर महिन्याचा एक ठराविक दिवस ठरवून टाकला.

तसंच सदस्यांचं, कलम 40. सलग सहा महिने परवानगी न घेता सभांना गैरहजर राहिलं तर सदस्यपद जातं, आणि सलग चार महिने गावातच नसलं तरी जातं. आमच्या भागातून घरटी एक माणूस मुंबईला असतो, आमच्यातले एक सदस्य पण तिकडेच कामाला आहेत, सणाला आणि यात्रेला येतात. त्यांच्या नावापुढे हजेरी कशी लागत होती ते मी इथे लिहीत नाही. मी त्यांना फोन करून सांगितलं भाऊ तुमचं पद धोक्यात आहे, रीतसर रजेचा अर्ज द्या नाहीतर दर महिन्याला एक दिवस या. त्यांनी अर्ज दिला, आता येतात सुद्धा, आणि आले की त्यांच्या वाडीचं पाणी हा विषय स्वतः मांडतात. आधी तो विषय कधी आलाच नव्हता सभेत.

आता ऐनवेळचे विषय. ज्यांनी कधी मासिक सभेची विषयपत्रिका बघितलेली नाही त्यांच्यासाठी सांगते, पहिला विषय मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, दुसरा मागील महिन्याचा जमाखर्च मंजूर करणे, मग आलेले अर्ज, परिपत्रकांचं वाचन, एखादं काम, आणि सगळ्यात शेवटी "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय". खरी गंमत नाही, खरी काळजी त्या शेवटच्या ओळीत आहे. कारण बाकीच्या सगळ्या विषयांची तयारी करून माणूस येऊ शकतो, या ओळीत काय येणार ते कुणालाच माहीत नसतं. आमच्याकडे पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून दिव्यांची खरेदी अशीच आली, सभा संपत आलेली, लोक चपला शोधायला लागलेले, आणि तेव्हा विषय निघाला. मी एवढंच म्हटलं की खरेदीला माझा विरोध नाही, माझ्या वॉर्डात पण अंधार आहे, पण हा पैशाचा विषय आहे तर पुढच्या विषयपत्रिकेवर घ्या, दर काय ते कागदावर येऊ दे. दोन बायका लगेच माझ्या बाजूने बोलल्या, त्या पहिल्यांदा बोलल्या सभेत. पुढच्या महिन्यात विषय नीट आला, तीन दरपत्रकं समोर होती, सूचक कोण अनुमोदक कोण ते सभेतच लिहिलं गेलं. पुस्तकात या ऐनवेळच्या विषयांवर स्वतंत्र टिपण पाहिजे होतं, अर्धं पान तरी, कारण नवीन सदस्य सगळ्यात जास्त इथेच अडकतो. तेच नाहीये. एक स्टार मी याच्यासाठी कापलाय.

ग्रामसभेचा भाग मात्र पुस्तकात चांगला आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा, नोटीस सात दिवस आधी, तातडीची असेल तर चार दिवस आधी, आणि दवंडी. कोरम एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी असेल ते. हे वाचून लोक चुकतात, "जे कमी" सोडून देतात. हिशोब करून बघा, 400 मतदारांचं गाव असेल तर 15 टक्के म्हणजे 60 माणसं पुरतात, आणि आमच्यासारखं 1400 चं असेल तर 15 टक्के होतात 210, पण 100 त्याच्यापेक्षा कमी म्हणून 100 वर काम भागतं. साधारण 667 मतदारांच्या पुढच्या कुठल्याही गावाला 100 च लागतात, मग गाव कितीही मोठं असो.

पण त्याच्या खालची ओळ वाचून मला वाईट वाटलं. कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाली तर त्या तहकूब सभेला पुन्हा कोरमची गरज नाही. मला कारण कळतं, नाहीतर गावाचं काम अडून राहील, लोक आलेच नाहीत तर करायचं काय. पण होतं काय की पहिल्या सभेला लोक येऊ नयेत असं ज्याला वाटतं त्याला सोपं जातं, आज 40 माणसं आली, तहकूब करा, पुढच्या वेळी 20 मध्ये सगळं मंजूर. म्हणून मी आमच्या गल्लीत सगळ्यांना सांगते, पहिल्याच सभेला या, आणि तहकूब झाली तर दुसऱ्या तारखेला तर नक्की या. दोन ऑक्टोबरला 131 सह्या होत्या हजेरीवर, मी स्वतः मोजल्या, आणि सह्या करणारी माणसं समोर बसलेली होती.

कलम 8 पण जरूर वाचा. आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत पहिली ग्रामसभा, आणि तिच्यापुढे गेल्या वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, चालू वर्षाची कामं आणि शेवटच्या लेखापरीक्षणाचं टिपण ठेवायचं. 1 मेच्या ग्रामसभेला एवढं महत्त्व का असतं ते मला आता कळलं, आधी वाटायचं महाराष्ट्र दिन आहे म्हणून ठेवतात. या मेमध्ये मी लेखापरीक्षणाचं टिपण मागणार आहे, आत्ताच तात्यांच्या कानावर घातलंय, ऐनवेळी मागितलं असं व्हायला नको.

आणि महिला सभा. कलम 7 मध्येच आहे ते, ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची. आमच्याकडे ती कागदावर होत होती. सप्टेंबरच्या शेवटी आम्ही अंगणवाडीत खरोखर घेतली, 46 बायका आल्या, म्हाताऱ्या काकी पण आल्या ज्या ग्रामसभेत पारावर पुरुष बसलेले असतात म्हणून कधी पाऊल टाकत नाहीत. पहिली पंधरा मिनिटं कुणीच बोलेना, मग एका सुनेने शाळेच्या मुलींच्या संडासाला कडी नाही हे सांगितलं आणि त्यानंतर थांबेचनात कुणी. गटार, स्मशानभूमीच्या वाटेवरचा दिवा, रेशनच्या दुकानाची वेळ, नळाला पाणी येतं तेव्हा बायका शेतात असतात म्हणून वेळ बदला. हे सगळं आम्ही लिहून काढलं, सह्या घेतल्या, दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचून दाखवलं आणि प्रोसिडिंगमध्ये घ्यायला लावलं. कडी आठवड्यात बसली. पाण्याची वेळ बदलायला दिवाळी उजाडली पण बदलली. मी या पुस्तकाला पाच स्टार देणार होते त्या दिवशी.

आता तक्रारी, कारण घेणाऱ्याला कळायला पाहिजे. सगळ्यात मोठी म्हणजे सरपंच निवडीचा आणि अविश्वास ठरावाचा भाग नीट अद्ययावत केलेला नाही. आपल्याकडे 2017 ला सरपंच थेट जनतेतून आला, 2020 ला ते बंद होऊन पुन्हा सदस्यांमधून, आणि 2022 ला परत थेट. पुस्तकात एका प्रकरणात सदस्य सरपंच निवडतात असं आहे आणि 60 पानं पुढे थेट निवडणूक आहे, दोन्ही एकाच आवृत्तीत. त्यामुळे अविश्वासाचं कलम 35 वाचताना किती मतं लागतात त्याचा चुकीचा आकडा डोक्यात बसू शकतो, कारण थेट निवडून आलेल्या सरपंचाच्या बाबतीत नुसत्या सदस्यांच्या मतांवर भागत नाही, ग्रामसभा पण मधे येते. तुमच्या गावात अविश्वासाचा विषय चालू असेल तर फक्त या पुस्तकावर अजिबात विसंबू नका, तहसील कार्यालयात जाऊन आत्ताचं कलम काय ते विचारा. भाऊसाहेबांचं पदनाव पण जुनंच आहे पुस्तकात, ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी वेगवेगळे, 2024 ला ती पदं एकत्र करून ग्रामपंचायत अधिकारी केलंय.

सूची फार कच्ची आहे. लोक जे शब्द बोलतात ते सूचीत नाहीतच, कोरम शोधलं तर नाही, प्रोसिडिंग शोधलं तर नाही, अजेंडा नाही. गणपूर्ती, इतिवृत्त, विषयपत्रिका, पीठासीन प्राधिकारी असे शब्द आहेत, ते बरोबरच आहेत पण सातवी आठवी शिकलेल्या सदस्याने ते कुठून ओळखायचे. मी शेवटच्या कोऱ्या पानावर पेनाने स्वतःची यादी केली, कोरम म्हणजे पान अमुक, प्रोसिडिंग म्हणजे पान अमुक. बाइंडिंग ठीक आहे, आठ महिने पिशवीतून नेऊन आणून पण पान सुटलं नाही. अक्षर बारीक, तात्यांना चष्म्यातून पण त्रास झाला. नियमांची पानं मी झेरॉक्स सेंटरवर मोठी करून आणली, 14 पानांचे 56 रुपये झाले, आणि एक संच ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवला.

नगरपंचायत किंवा नगरपालिकेचे कुणी सदस्य हे वाचत असतील तर तुम्ही हे घेऊ नका, तुमचा कायदा वेगळा आहे, 1965 चा, सभेचे नियम पण वेगळे. जिल्हा परिषद पंचायत समितीचा 1961 चा. दुकानात ग्रामपंचायत असं स्पष्ट सांगून मागा आणि आवृत्तीचं साल आतल्या पानावर बघून घ्या, कव्हरवरचं नको.

मी मागच्या आठवड्यात अजून एक प्रत आणली, शेजारच्या वाडीतल्या ग्रामपंचायतीत एक नवीन ताई सदस्य झाल्यात त्यांच्यासाठी. देताना नियमांच्या पानांना कागदाच्या पट्ट्या लावून दिल्या, नोटीसला लाल, ग्रामसभेला हिरवी, महिला सभेला पिवळी. त्यांची मासिक सभा 24 ला आहे आणि त्यांना नोटीस 20 ला मिळाली.